कल्याणच्या पुढचं कॅलिफोर्निया

'हॉटेल कॅलिफोर्निया' हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर राहिलं ते फक्त एक आठवडा, मे १९७७ मध्ये. पुढच्या आठवड्यात दुसरं गाणं वर गेलं आणि यादीपुरता विषय संपला. आमच्या कल्याण-कर्जत पट्ट्यात मात्र ते एकदा गाडीत चढलं ते अजून उतरायला तयार नाही. बदलापूरच्या कुठल्याही सोसायटीत दहावी झालेल्या पोराला गिटार घेऊन द्या, थोड्याच दिवसांत चौथ्या मजल्यावरून तेच सूर ठेचकाळत खाली येतात. कॉलेजच्या गॅदरिंगला तेच, वाढदिवसाला तेच, नवा स्पीकर घरी आणला की तो वाजवून बघायलाही तेच. ईगल्स या बँडनं अमेरिकेत पाच गाणी पहिल्या क्रमांकावर नेली. बाकीच्या चारांची नावं आमच्याकडे कुणाला विचारून बघा.

म्हणून मला प्रश्न पडतो, की गाणं हिट झालं हे ठरवतं कोण? यादीवाले तेव्हा ठरवत ते तबकड्या किती खपल्या आणि रेडिओवर गाणं किती वाजलं यावरून. आमच्या भागात ती तबकडी कुणी दुकानातून विकत आणल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि आकाशवाणी काही ते रोज लावत नव्हती. तरी ते आलं आणि राहिलं. कसं, ते मी घरातल्या आणि गावातल्या वडीलधाऱ्यांकडून तुकड्यातुकड्यानं ऐकलं आहे. मामा आणि मामी हे माझे मुख्य साक्षीदार. दोघांची साक्ष जुळत नाही तिथे मी मामीचं धरते, कारण तिच्याकडे वह्या आहेत आणि मामाकडे फक्त आवाज.

आधी हा मुलूख समजून घ्यायला हवा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर माणसांना त्या रिकाम्या बराकींत ठेवलं गेलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून छावणीचं उल्हासनगर झालं. लोक मात्र आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर आणि बराक नंबर सांगतात. पुढचं स्टेशन अंबरनाथ. तिथे १०६० सालचं शिलाहारांचं शिवमंदिर आहे, आणि त्याच गावात विसाव्या शतकात काडेपेटीची विमको आली, स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आली, रसायनांचे कारखाने आले. कारखान्यांमागून देशभरची माणसं आली. ऑर्डनन्सच्या क्वार्टर्समध्ये एका जिन्यावर मल्याळी, पंजाबी, बंगाली आणि साताऱ्याचे अशी चार दारं असायची. बदलापूर त्याच्याही पुढे. आगऱ्यांचं, कुणब्यांचं, डोंगराकडे ठाकरांचं गाव. भाताची खाचरं आणि जांभळाची झाडं. मग दादर-गिरगावातल्या खोल्या पुरेनाशा झालेली माणसं स्वस्त घरासाठी इथे येऊ लागली. आमच्या भागात मूळचा कोण, हा प्रश्न विचारायचा झाला तर उत्तर देणारे थोडेच निघतील. अशा ठिकाणी बाहेरून आलेल्या गाण्याला त्याचं गाव कोण विचारणार?

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, विमकोत होते. घराचं घड्याळ कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. आजोबांना पेटीचं वेड. भजनी मंडळात त्यांची पेटी आणि त्यांचा राग, दोन्ही प्रसिद्ध होते. पहिला राग आकाशवाणीवर. रेडिओनं १९४० मध्ये पेटीला बंदी घातली होती ती १९७१ मध्ये उठली, तीही पूर्ण नाही. श्रुती नीट लागत नाहीत म्हणे. दुसरा राग मंत्री बाळकृष्ण केसकरांवर. केसकर आपल्याच पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कैवारी. १९५२ मध्ये ते माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं. देशानं मुकाट्यानं काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. तिथे अमीन सयानींची गीतमाला होती, आणि त्याच सिलोनच्या इंग्रजी वेळेत अमेरिकेतली आणि विलायतेतली ताजी गाणी वाजत. केसकरांनी भारतीय कान शुद्ध करायला घेतले आणि त्या भानगडीत अंबरनाथच्या चाळीत रॉक अँड रोल येऊन पोचला, असं मामी म्हणते. विविध भारती १९५७ मध्ये आली खरी, पण तोवर काट्याला सवय लागली होती.

आजोबांना मात्र हा सगळा परदेशी प्रकार वाटत नसे. त्यांचा देव होता सी. रामचंद्र. पुणतांब्याचा मराठी माणूस, 'अलबेला'त १९५१ मध्ये असं काही वाजवतो की थिएटरात पैसे उडतात. १९५७ च्या 'आशा'मध्ये 'ईना मीना डिका' देतो. ते वाजवणारे बहुतेक गोव्याचे वादक, दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलातल्या जॅझ बँडमध्ये. आजोबांचं म्हणणं, की अण्णांनी (सी. रामचंद्रांना सगळे अण्णा म्हणत) अमेरिका आधीच पचवून आपल्या पानात वाढली होती, पोरांना आता ती कच्ची खायची हौस आली एवढंच.

या हौशी पोरांत मामा पहिला. आयटीआय करून तो ऑर्डनन्समध्ये अप्रेंटिस म्हणून लागला, आणि विद्यावेतन साठवून त्यानं धोबी तलावावरून गिटार आणली. गिव्हसन. ही कोलकात्याची कंपनी. नाव उच्चारून बघा म्हणजे अमेरिकेतल्या गिब्सनची आठवण आपोआप येईल. मामाच्या त्या गिटारीची तार पट्टीपासून इतकी वर होती की बोटांना घट्टे पडायचे. आजही त्याच्या डाव्या हाताची बोटं पुढून चपटी आहेत. कारखान्यातल्या लेथवर ती तशी झाली असं तो पाहुण्यांना सांगतो.

मामी कल्याणची, रेल्वे क्वार्टर्सची. तिचे वडील गार्ड. शेजारी अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची घरं, नाताळात रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाच, आणि कुणाच्या तरी घरी फिरणारी तबकडी. इंग्रजी तिला शाळेपेक्षा त्या व्हरांड्यात जास्त आलं. कोलकात्याहून निघणारं 'ज्युनिअर स्टेट्समन' शेजारच्या घरातून तिच्यापर्यंत पोचायचं, पानं फाटलेली असली तरी. ते नियतकालिक १९७७ मध्ये बंद पडलं तेव्हा रडू आलं होतं, असं ती सांगते. तिचा जीव ईगल्सपेक्षा क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलवर. जॉन फोगर्टीचा हा बँडही कॅलिफोर्नियाचाच, पण त्यांची गाणी ऐकून वाटावं की पोरं मिसिसिपीच्या दलदलीत वाढली. १९६९ आणि १९७० या दोन वर्षांत त्यांची पाच गाणी बिलबोर्डवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि पहिल्यावर एकही नाही. मामीला हे फार लागतं. आमच्याकडे जुलैत पाऊस लागला, उल्हास नदी फुगली आणि लोकल वांगणीला अडकल्या की ती त्यांची दोन्ही पावसाची गाणी गुणगुणते आणि म्हणते, एकदा या फोगर्टीला बदलापूरला आणा रे, पाऊस म्हणजे काय ते कळू दे त्याला.

मामा-मामींची ओळख वाद्यवृंदातली. त्या काळी कारखान्याच्या कॉलनीत, गणपतीत, गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा असायचाच. मामाच्या ऑर्केस्ट्राचं नाव दर वर्षी बदलायचं, कारण दर वर्षी कुणीतरी भांडून जायचं. ड्रमवर एक मल्याळी फिटर, अकॉर्डियनवर बंगाली क्लार्क, गायला कल्याणचे दोघे-तिघे. कार्यक्रमात सगळी हिंदी गाणी, अधूनमधून एखादं भावगीत, आणि पडदा पडायच्या आधी 'पोरांसाठी एक इंग्रजी'. त्या एका इंग्रजीसाठी सगळ्यांची धडपड. मागे बसलेले वयस्कर लोक 'एक लावणी होऊ द्या' म्हणून ओरडायचे, आणि मामा सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा तर एकदा त्यांनी ईगल्स संपवून त्याच ठेक्यात लावणी लावली. मामीच्या वहीत याची नोंद नाही.

गाणं हातात आलं ते १९७८ च्या सुमारास, आणि आलं ते कॅसेटीवर. ऑर्डनन्समधल्या एका सहकाऱ्याचा भाऊ जहाजावर होता. त्यानं आणलेली कॅसेट, तिच्यावरून भरलेली दुसरी, तिच्यावरून भरलेली तिसरी मामाच्या वाट्याला. प्रत्येक वेळी आवाज थोडा खाली बसायचा आणि फस्स्स वाढायचं. शिवाय कुठल्या तरी पायरीवर एकच बाजू उतरली होती. गाण्याच्या शेवटी दोन गिटारी आहेत, डॉन फेल्डरची आणि जो वॉल्शची. आधी पाळीपाळीनं बोलतात, मग जोडीनं. मामाच्या कॅसेटवर त्यातली एक समोर आणि दुसरी भिंतीपलीकडून आल्यासारखी. त्यानं आयुष्यभर ते एका गिटारीचं काम म्हणून वाजवलं. परवापरवा मुलाच्या मोबाइलवर, कानात इअरफोन घालून, त्यानं मूळ गाणं ऐकलं आणि ओरडला, "अगं, हे दोघं आहेत!" मामी म्हणाली, "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं." वहीत खरंच आहे: 'शेवटी दोन जण वाजवतात'.

शब्द लिहून घ्यायचं काम मामीचं. मामा मराठी माध्यमाचा, म्हणून तिनं इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवले. कॅसेट थांबव, मागे घे, पुन्हा लाव. जिथे कळलं नाही तिथे टिंबं. ती वही मी पाहिली आहे. टिंबांच्या जागी मामा 'ना ना' म्हणायचा आणि कॉलनीत कुणाची हरकत नसायची. शब्दांची गरज नव्हतीच फारशी. वाळवंटातला रस्ता, हॉटेल, आत गेलेल्याला बाहेर पडता न येणं, एवढी गोष्ट समजली की पुरे. शिफ्टला जाणाऱ्या माणसाला ती तेवढीच पटते.

घरी पहिल्यांदा हे गाणं वाजवलं तेव्हाचा प्रसंग आमच्याकडे दर दिवाळीत सांगितला जातो. मूळ गाणं बी मायनरमध्ये आहे. नव्या माणसाला त्या पट्टीतले पंजे, म्हणजे कॉर्ड, जड जातात, म्हणून मामानं ते खाली ए मायनरमध्ये आणलं होतं: ए मायनर, ई, जी, डी, एफ, सी, डी मायनर, ई. आठ पंजांची ही साखळी फिरून फिरून येते. आजोबा पान लावत ऐकत होते. मग पेटी ओढली, पांढरी सहा धरली, आणि चाल पेटीवर काढायला लागले. गंधार कोमल. पुढे ई आला तसा शुद्ध निषाद लागला, जी आला तसा कोमल. डी आला तेव्हा धैवत शुद्ध, एफ आला तेव्हा कोमल. आजोबा थांबले. "दोन्ही निषाद, दोन्ही धैवत," म्हणाले. "हा पिलू नव्हे, पण पिलूच्या शेजारी राहतो." त्या संध्याकाळी पेटी आणि गिव्हसन मिळून ते गाणं वाजलं, आणि आजोबांनी मध्येच ठुमरीसारखी एक जागा घेतली. ज्या सुराला आपलं काही देता येतं तो सूर परका राहत नाही, असं काहीसं ते नंतर म्हणाले असं मामी सांगते. मामा म्हणतो, ते फक्त म्हणाले, "चुना दे."

त्या गाण्याची स्वतःची जन्मकथा या सगळ्याला शोभेल अशीच आहे. डॉन फेल्डरनं मालिबूच्या समुद्रकाठी भाड्याच्या घरात बसून काही चाली टेपवर घेतल्या आणि त्यांच्या कॅसेटी भरून बँडमधल्या इतरांना दिल्या. त्यातली एक चाल डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्रे यांना आवडली. ठेका थोडा मेक्सिकोचा, थोडा जमैकाच्या रेगेचा, म्हणून गाण्याला शब्द मिळेपर्यंत ते तिला 'मेक्सिकन रेगे' म्हणत. फेल्डरची पहिली चाल ई मायनरमध्ये होती. हेन्लीच्या गळ्यासाठी ती बी मायनरमध्ये गेली. म्हणजे पट्टी बदलून घेणारा मामा हा पहिला नव्हे. पुढे मायामीत ध्वनिमुद्रण चालू असताना शेवटच्या गिटारीची वेळ आली. फेल्डर आणि वॉल्श नवीन काहीतरी सुचेल तसं वाजवायला लागले. हेन्लीनं थांबवलं. कॅसेटीवर होतं तसंच हवं, म्हणाला. फेल्डरला ते आठवेना; भरून वर्ष होऊन गेलं होतं आणि कॅसेट लॉस एंजलिसला घरी. मग त्यानं घर सांभाळणाऱ्या बाईला फोन केला, तिनं कॅसेट शोधून टेपमध्ये घातली आणि फोनचा रिसीव्हर टेपजवळ धरला. मायामीत बसून फेल्डरनं आपलीच चाल फोनवरून उतरवून घेतली.

मामाला ही गोष्ट मी सांगितली तेव्हा तो बराच वेळ हसत होता. कर्त्यालाही स्वतःचं गाणं दुसऱ्याच्या टेपवरून उतरवावं लागलं, मग आम्ही कोण.

आणखी एक गंमत. गाणं गाजल्यावर काही जाणकारांच्या लक्षात आलं, की जेथ्रो टल या इंग्लिश बँडच्या १९६९ च्या 'वी यूज्ड टू नो' या गाण्यातही पंजांची जवळजवळ अशीच साखळी आहे, आणि १९७२ मध्ये ईगल्स याच बँडच्या दौऱ्यात त्यांच्याआधी वाजवत होते. टलच्या इयन अँडरसननं ते मनावर घेतलं नाही. चोरी झाली असं त्याचं म्हणणं नव्हतं. मामीच्या लाडक्या जॉन फोगर्टीच्या नशिबी एवढा दिलदारपणा नव्हता. त्याच्या जुन्या गाण्यांचे हक्क जुन्या कंपनीकडे, आणि १९८५ मध्ये त्यानं नवं गाणं काढलं तेव्हा कंपनीनं दावा लावला की हे आमच्याकडच्या, म्हणजे त्याच्याच, १९७० च्या गाण्यासारखं आहे. स्वतःचीच नक्कल केल्याचा खटला. १९८८ मध्ये फोगर्टी कोर्टात गिटार घेऊन गेला, ज्यूरीला दोन्ही गाणी वाजवून दाखवली आणि जिंकला.

नक्कल म्हटलं की महाराष्ट्रात सगळे उल्हासनगरकडे बघतात. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी केलेला आहे. आमच्या ओळखीचे एक चाचा आहेत, कॅम्पात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान चालवलेले. त्यांचा जन्म बराकीतला. एका लांब खोलीत गोणपाटं आणि चादरी टांगून पाडलेले भाग, प्रत्येक भागात एक कुटुंब, असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलेलं. मी हा विनोद त्यांच्यासमोर कधी केला नाही, त्यांनीच काढला. "बेटी, असली माल था किसके पास?" म्हणाले. "सब पीछे छूट गया था. जो हाथ में आया, खोल के देखा, फिर बनाया." त्यांच्या वडिलांनी पहिला रेडिओ उघडला तो दुरुस्त करायला नव्हे, आत काय आहे ते बघायला.

चाचांच्या दुकानात दोन डेक शेजारी शेजारी असत. गिऱ्हाईक कागदावर गाण्यांची यादी आणायचं, कोरी कॅसेट द्यायचं आणि दोन दिवसांनी भरलेली घेऊन जायचं. 'भरून देणे' हाच शब्द. ईगल्सचा तो अल्बम ४३ मिनिटांचा. साठ मिनिटांच्या कॅसेटीच्या एका बाजूला मावत नाही, नव्वदच्या मावतो. चाचांना इंग्रजी गाण्यांत काही रस नव्हता, ते सिंधी संतगायक भगत कंवररामांचे भक्त; पण कुठलं गाणं कुठल्या कॅसेटीत कसं बसतं हे त्यांना तोंडपाठ. मूळ कॅसेट यायची मुंबईच्या मनीष मार्केटमधून, आखातातून परतलेल्यांच्या बॅगांतून, जहाजावरच्या माणसांकडून. फिलिप्सनं १९६३ मध्ये ही चिमुकली कॅसेट काढली तेव्हा ती श्रुतलेखनाच्या कामी येईल असं त्यांना वाटलं होतं. कॅम्प नंबर चारात तिचं काय होणार आहे याची कल्पना त्यांना असणं शक्य नव्हतं.

हे भरून देणं कायद्यात बसत नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा कडक झाल्या, आणि चाचांनी दुकानाबाहेरची पाटी उतरवली. काम आतल्या आत चालू राहिलं. वादकांना, गायकांना त्यातून एक पैसा मिळाला नाही, आणि हिंदी-मराठीतल्या छोट्या कलाकारांचं याच धंद्यानं नुकसान केलं, ते मला समर्थनीय वाटत नाही. ईगल्सपुरतं बोलायचं तर ज्यांना विकत घेणं शक्यच नव्हतं, आणि दुकानात ते मिळतही नव्हतं, त्यांच्यापर्यंत गाणं दुसऱ्या कुठल्या वाटेनं आलं असतं ते मला दिसत नाही. कंपनीनं पाठवलं नाही. कामगारांनी आणि निर्वासितांनी हातोहात आणलं. आमच्याकडचं ते हिट झालं यामुळे. मेच्या त्या एका आठवड्याशी त्याचा संबंध नाही.

ईगल्स १९८० मध्ये फुटले. पुन्हा एकत्र येणार का, या प्रश्नावर नरक गोठला तर, अशा अर्थाचं उत्तर हेन्लीनं दिलं होतं. १९९४ मध्ये ते आले, आणि नव्या अल्बमला तेच नाव ठेवलं. त्यात 'हॉटेल कॅलिफोर्निया' नव्या रूपात होतं: ध्वनिक गिटारी, सुरुवातीला स्पॅनिश धाटणीची लांब छेड, मग तालवाद्याचा एक खोल धम्म. जगभरच्या म्युझिक सिस्टिमच्या दुकानदारांना हा धम्म फार आवडला. उल्हासनगरच्या बाजारात तेव्हा मी बाबांबरोबर टेप घ्यायला गेले होते. एका दुकानात हे गाणं वाजत होतं, त्याच्या शेजारच्या दुकानात हेच, आणि दोन्हींत काही सेकंदांचं अंतर. चाचा या नव्या पिढीच्या दुकानांवर नाराज होते. त्यांच्या मते स्पीकर तपासावा तो माणसाच्या आवाजावर. धम्म काय, पिंपावर मारलं तरी येतो.

बदलापूर गावात मात्र या गाण्याचा तिसराच अवतार राहतो. आमच्याकडे आगऱ्यांच्या हळदीला, गणपतीच्या आगमनाला बेंजो पार्टी लागते. बेंजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं बुलबुलतरंग. हे वाद्य १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तयार केलं, तिथे त्याला तैशोगोतो म्हणतात. ते हिंदुस्थानात कसंबसं आलं, मुंबई-ठाण्याच्या कोळी-आगरी वस्त्यांत त्याला वीज जोडली गेली, आणि ते ढोल-ताशांच्या वर ऐकू जाईल इतकं मोठं झालं. आपल्या डोंबिवलीच्या रवी जाधवांनी २०१६ मध्ये याच मंडळींवर हिंदीत 'बँजो' काढला. चित्रपट फार चालला नाही, विषय मात्र अस्सल होता.

गावातले एक म्हातारे बेंजोवाले दादा, आता सत्तरीच्या पुढे, हळदीत दोन कोळीगीतांच्या मध्ये एक तुकडा घेतात. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकले. ईगल्सच्या शेवटच्या दोन गिटारींचा जोडीचा भाग, दुडक्या आगरी ठेक्यावर, दुप्पट लयीत. आणि दोन्ही गिटारी! दादांच्या शेजारी त्यांचा भाचा दुसरा बेंजो धरून. ही चाल कुठली, विचारलं, तर म्हणाले, "आर्डिनन्समंदी गणपतीला एक पोरगा वाजवायचा, तिथं ऐकली." मामाच तो. नाव काय चालीचं? "नाव कशाला पायजे? चाल गावली म्हंजे झालं." मी मामाला त्यांच्याकडे घेऊन गेले. दोघांची ओळख पटायला वेळ लागला. मग दादांनी विचारलं, "तुमी एकलंच वाजवायचा ना? मला वाटलं, यात दुसरा पायजे. म्हनून मी घातला." मूळ गाणं त्यांनी आजतागायत ऐकलेलं नाही. मामा घरी येईपर्यंत बोलला नाही, आणि घरी आल्यावर मामीला म्हणाला, "त्याला ऐकू आलं, मला नाही आलं."

आता थोडं कामाचं. २६ जुलै २००५ च्या रात्री उल्हास नदीचं पाणी बदलापूर पश्चिमेच्या खालच्या घरांत शिरलं. मामाचं घर त्यांत होतं. गिव्हसन भिंतीवर उंच टांगलेली म्हणून वाचली, मामीच्या वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. पलंगाखालची कॅसेटींची पेटी चिखलात गेली. तिच्यात ऑर्केस्ट्राच्या तालमी भरलेल्या होत्या, गणपतीतले कार्यक्रम होते, आजोबांचं पेटीवादन होतं. यातलं काहीही आता आमच्याकडे नाही. ग्लेन फ्रे जानेवारी २०१६ मध्ये गेला, ईगल्समधलाच रँडी माइझनर जुलै २०२३ मध्ये. त्यांचा प्रत्येक श्वास कुठे ना कुठे जपलेला आहे. अंबरनाथच्या कॉलनीतल्या त्या मल्याळी ड्रमरचा ठेका मात्र कुठेच नाही.

म्हणून विठ्ठलवाडीपासून कर्जतपर्यंतच्या वाचकांना एक विनंती. सत्तर-ऐंशीच्या दशकात तुमच्या घरातलं कुणी ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत, भजनी मंडळात वाजवत असेल आणि कपाटात कॅसेटी पडल्या असतील, तर भंगारवाल्याला देण्याआधी त्यांच्या पाठीवरचं अक्षर वाचा. बुरशी आली असेल तर तशीच टेपमध्ये घालू नका, जाणकाराकडून साफ करून संगणकावर उतरवून घ्या. वाजवणारे कोण होते, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून नावानिशी लिहून ठेवा. आणखी दहा वर्षांनी सांगायला कुणी नसेल. आणि एखाद्या कॅसेटीवर ऑर्डनन्स कॉलनीचा गणपती निघाला, शेवटी इंग्रजी गाणं आणि मध्येच 'ना ना' ऐकू आलं, तर एक प्रत आमच्यासाठी भरून ठेवा.